पंच मंडळींनो, नोटीस मी वाचून दाखवली, आता हे पण वाचा

देवळाच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी बसणाऱ्या आमच्या गल्लीच्या समस्त पंच मंडळींना, म्हणजे आण्णा, तात्या, मामा, सगळ्यांना नमस्कार.

मी कोण ते ओळखलं असालच. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याची थोरली. बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत ज्याच्या घरात कागद आला त्याच्या तोंडात आधी माझंच नाव येतं, त्यामुळे जास्त ओळख सांगत बसत नाही.

गेल्या रविवारी देवळात मीटिंग होती. मीटिंगला बायकांना बोलवत नाहीत ते मला माहीत आहे, पण महापालिकेची नोटीस आलेली, सगळी कन्नडमध्ये, आणि अख्ख्या कमिटीत एकाला पण ती धड वाचता येईना म्हणून तात्यांनी नातवाला पळवलं, जा बघ झेरॉक्सवाल्याच्या पोरीला घेऊन ये म्हणून. मी दुकान तसंच टाकून आले, चपला काढल्या आणि दारात उभी राहिले. आत ये कोण म्हणालं नाही. आण्णांचं भाषण चालू होतं आणि ते संपेपर्यंत नोटीस काय माझ्या हातात आली नाही, मग पंधरावीस मिनिटं उभ्या उभ्या ऐकलं. आजकालच्या पोरांमुळे गल्ली बिघडली. पोरांना भाषेचं प्रेम नाही, चार पोरं जमली की कन्नड नाहीतर इंग्लिश फाडायलेत. पोरं वाचत नाहीत. शेतीत पाय ठेवत नाहीत. शिवजयंतीला डॉल्बी लावून नुसती नाचतात. समिती (महाराष्ट्र एकीकरण समिती) संपली ती पण पोरांमुळेच. पोरींचं तर काय बोलूच नका, असं म्हणून आण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि मग लगेच, 'ये बाळ, तेवढं हे वाचून दाखव की.'

मी वाचून दाखवली. घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही. तेव्हाच तिथं बोलायला पाहिजे होतं पण दारात उभं राहून मोठ्यांशी वाद घालणं जमलं नाही, म्हणून आता लिहायलेय, आणि लिहायलेय ते सगळ्यांना वाचता येईल असं उघड, कारण तुम्ही पण बोलला ते उघडच बोलला.

आधी भाषेचं बोलूया. पोरं कन्नड बोलतात ही तुमची तक्रार. बरं, मग महिन्याभरात माझ्या टेबलावर गल्लीतले कुठले कुठले कागद येतात ते सांगू काय? शेताचा उतारा कन्नडमध्ये. घरपट्टीचं चलन कन्नडमध्ये. काकूंच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 रुपये दोन महिने आले नाहीत, ते का आले नाहीत हे सांगणारा मेसेज, तो पण कन्नडमध्येच. मामा, तुमच्या पेन्शनच्या अर्जासाठी हपिसात तीन चकरा मारल्या त्या मीच, आणि तिथल्या साहेबाला 'नमस्कार री सर' म्हणून दोन वाक्यं नीट कन्नडमध्ये बोलले तेव्हा त्याने फाईल काढली. त्या दिवशी बाहेर येऊन तुम्ही मला उसाचा रस पाजला आणि म्हणालात पोरगी हुशार आहे. तेच कन्नड कट्ट्यासमोर मैत्रिणीशी बोलले की पोरगी बिघडली?

आणि हे कन्नड आम्हाला आलं कुठून? तुम्ही घातलेल्या शाळेतून. माझ्या बाबांचीच गोष्ट घ्या, ते काय रागावणार नाहीत (रागावले तर बघू). 1986 ला कन्नड सक्तीच्या विरोधात आंदोलन झालं तेव्हा बाबा 17 वर्षांचे. पोलिसांनी धरलं, तीन दिवस आत होते, पाठीवर मार खाल्ला. भुजबळ वेश बदलून बेळगावात आलेले ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी झोपेत पण सांगेन. दर 1 जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर फुलं वाहायला ते न चुकता जातात, लहानपणी मी पण गाडीवर पुढं बसून जायची. त्या आंदोलनात गेलेल्या नऊ हुतात्म्यांची चेष्टा करायला मी इथं बसलेली नाही, तो विषय आमच्या घरात काय वजनाचा आहे ते मलाच माहीत.

पण त्याच माझ्या बाबांनी 2003 ला मला कुठं घातलं? इंग्लिश मिडियमला. घरापासून चार मिनिटांवर मराठी शाळा होती, त्याच शाळेत बाबा शिकले, आजी चौथीपर्यंत शिकली. मला मात्र रिक्षात कोंबून पाच किलोमीटर लांब. शाळेत पहिली भाषा इंग्लिश, दुसरी कन्नड, तिसरी हिंदी, मराठी कुठंच नाही. एकदा मी विचारलं बाबांना, तर म्हणाले मराठीत शिकून मी काय केलो, झेरॉक्स मारायलोय, तू पण तेच करणार काय? त्यांची चूक काढत नाहीये मी, लेकराचं भलं बघितलं त्यांनी, आणि इथं मराठी शाळेत शिकलेल्या पोराला सरकारी नोकरीला कन्नडची परीक्षा आडवी येते हे खरंच आहे. पण मग कट्ट्यावरच्या तुम्हा अकरा जणांपैकी किती जणांची पोरं नातवंडं मराठी शाळेत गेली ते जरा एकमेकांच्या तोंडाकडे बघून मोजा. मी मोजलंय. ॲडमिशनच्या झेरॉक्स मीच काढल्यात.

मराठी मला आली ती दुकानात. खोटं वाटेल पण लग्नपत्रिका टाईप करून करून मी मराठी लिहायला शिकले. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' हे माझं पहिलं मराठी वाक्य. ऱ्हस्व दीर्घ मला चि. आणि चि. सौ. कां. यांनी शिकवलं. नंतर आजीला पेपर वाचून दाखवायला लागले, आजी चुका काढायची. आज गल्लीतले सगळे बोर्ड, हळदीकुंकवाची निमंत्रणं, भावपूर्ण श्रद्धांजलीचे फ्लेक्स, गणपतीच्या पावत्या, एवढं सगळं मराठी कोण लिहितंय? भाषेचं प्रेम नसलेली पोरगी लिहायल्ये. परवा बोर्डावर 60 टक्के कन्नड पाहिजे असा नियम आला म्हणून दुकानाचा बोर्ड नवीन करायला लागला तेव्हा खाली मराठी अक्षरं किती मोठी बसतात ते पट्टी घेऊन मोजत मी आणि पेंटर दोघं दुपारभर उन्हात उभे होतो. तुम्ही कट्ट्यावरून बघत होता. कोण पाणी पण विचारलं नाही. असो.

आता वाचनाचं. तात्या, हे तुमच्यासाठी आहे. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही व्हाट्सअपवरचा एक फॉरवर्ड घेऊन आलात, मोठा प्रिंट काढून लॅमिनेशन करून पाहिजे म्हणून, देवळाच्या सभामंडपात लावायला. 'आजची मुलं चैनीला चटावलीत, मोठ्यांचा मान ठेवत नाहीत, आईबापाला उलट बोलतात' असलं काहीतरी आणि खाली सॉक्रेटिस. मी काढून दिला, 60 रुपये घेतले, पण मनात आलं म्हणून रात्री जरा शोधलं. तात्या, ते वाक्य सॉक्रेटिसचं नाहीच. 1907 साली छापलेला केंब्रिजच्या केनेथ जॉन फ्रीमन नावाच्या विद्यार्थ्याचा एक प्रबंध आहे, त्यात त्याने जुन्या ग्रीक लोकांच्या पोरांबद्दलच्या तक्रारी स्वतःच्या शब्दात एकत्र करून मांडल्या, पुढं कोणीतरी त्याला सॉक्रेटिसचं नाव चिकटवलं आणि ते फिरत फिरत वडगावला आलं. खोटा फॉरवर्ड तपासायच्या आधी पुढं ढकलतात ती पोरं, असं तुम्हीच म्हणता ना? पण एक आहे, ग्रीक म्हातारे पण कट्ट्यावर बसून हेच बोलायचे तेवढं त्यातून कळलं. अडीच हजार वर्षं पोरं बिघडायलीच आहेत आणि तरी जग चाललंय.

त्याच शोधाशोधीत अजून एक सापडलं. 2019 ला अमेरिकेत प्रोट्झको आणि स्कूलर म्हणून दोघांनी अभ्यास छापला, लोकांना आजकालची पोरं वाईट का वाटतात यावर. त्यात असं निघालं की ज्याला स्वतःला वाचनाचा नाद, त्याला वाटतं पोरं वाचत नाहीत, आणि ज्याला मोठ्यांचा मान ठेवायची फार काळजी, त्याला वाटतं पोरं मान ठेवत नाहीत. म्हणजे ज्या गोष्टीत आपण पक्के तीच पोरांच्यात कमी दिसते, कारण आज आपण जसे आहोत तसेच लहानपणी पण होतो असं माणूस धरून चालतो. हे वाचलं आणि मला तात्याच डोळ्यासमोर आले. आज रोज दोन पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारे तात्या. आणि गणपतीत एकदा तुम्हीच रंगात येऊन सांगितलेलं ना, शाळा बुडवून टॉकीजला पाचव्यांदा तोच सिनेमा बघताना वडिलांनी कान धरून बाहेर काढलेलं ते? त्या वेळच्या कट्ट्यावर तुमच्याबद्दल काय बोलत असतील?

शेतीबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय, कारण राग त्याचाच जास्त आहे.

आमच्या शिवारात बासमती पिकायचा. आजी सांगते भात शिजायला लागला की वास तीन घरं सोडून जायचा. भात काढला की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा. आता शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर सगळीकडचं शिवार बघा, बळ्ळारी नाला दर पावसाळ्यात शेतात घुसतो, भात कुजतो. हलगा-मच्छे बायपासला किती सुपीक जमीन गेली, शेतकरी किती वर्षं भांडायलेत, पेपरात येतंच. ते सरकारनं केलं, त्यासाठी तुम्हाला बोलणार नाही, उलट मोर्चात तुम्ही पण होता. पण बायपासच्या आधीचं काय? वडगावच्या बाजूला जी घरं उभी राहिलीत ना दाटीवाटीने, ना गटार ना रस्ता, ती आभाळातून पडली नाहीत. शंभराच्या बाँडवर गुंठा गुंठा करून कोणी विकलं? त्या बाँडच्या झेरॉक्स आमच्याच दुकानात निघाल्या, बाबांच्या वेळेपासून. सह्या कोणाच्या ते मी इथं लिहीत नाही. त्या वेळी मुलीचं लग्न होतं, कुणाचं घर बांधायचं होतं, कुणाला गाडी पाहिजे होती, सगळं समजतं. पण चार एकरांतले साडेतीन एकर विकून झाल्यावर उरलेल्या वीस गुंठ्यात, जिथं नाल्याचं पाणी गुडघाभर असतंय, तिथं तुमचा नातू उतरत नाही म्हणून त्याला आळशी म्हणायचं? तो पोरगा उद्यमबागेत फौंड्रीत रात्रपाळी करतो. सकाळी सहाला काळा होऊन येतो. कट्ट्यावर तेव्हा कोण नसतं, म्हणून तुम्हाला तो फक्त दुपारी झोपलेला दिसतो.

आणि लग्नाचे बायोडाटा! ते पण मीच टाईप करते हे विसरू नका. पोरींच्या अपेक्षा वाढल्या, शेतकऱ्याला पोरगी मिळत नाही, असं म्हणता. अपेक्षांचा रकाना पोरीला विचारून भरलेला मी अजून बघितला नाही, वडील खुर्चीवर बसून सांगतात आणि मी टाईप करते, 'पुणे किंवा बेंगळूर नोकरी, स्वतःचा फ्लॅट, गावाकडे शेती असल्यास उत्तम'. शेती असल्यास उत्तम. करायला नको, असायला पाहिजे. एका मामांनी तर (नाव घेत नाही, त्यांना कळेल) मुलीसाठी हे लिहून घेतलं आणि त्याच बैठकीत मुलाच्या बायोडाटात 'मुलगी शेतीची आवड असणारी' असं घालायला लावलं.

डॉल्बीचं लवकर उरकते. होय, पोरं नाचतात. मला पण तो आवाज सोसत नाही, आमच्या दुकानाच्या काचा हादरतात, आजीला कापूस घालून आतल्या खोलीत बसवायला लागतं. त्या बाबतीत पोरांना माझ्याकडून पण चार शिव्या. पण बेळगावची शिवजयंतीची मिरवणूक म्हणजे रात्रभर चित्ररथ, सजीव देखावे, हे मी पण बघितलंय, सातवीत असताना मी ट्रॉलीवर हिरकणी झालेले, पहाटे चारपर्यंत त्या पुठ्ठ्याच्या बुरुजाला लोंबकळत होते आणि खाली रामलिंगखिंड गल्लीत माणूस मावत नव्हता. तो देखावा बंद करून डॉल्बी आणायचं ठरवलं ते कुठल्या पोरानं? हिशोबाच्या कागदाची झेरॉक्स काढायला दिलेली, त्यात सगळ्यात मोठा आकडा डॉल्बीचा आणि त्याच्या समोर देणगीदार म्हणून नगरसेवकाची निवडणूक लढवायच्या तयारीतले एक साहेब. खाली सही अध्यक्षांची. अध्यक्षांचं वय 61. पोरांना नुसतं नाचायला बोलावलं होतं.

समितीचं मी काय बोलणार, लहान तोंडी मोठा घास. पण आकडे तर सगळ्यांना माहीत आहेत. 2013 ला दोन आमदार होते, 2018 ला शून्य, 2023 ला परत शून्य. 2018 ला एकेका जागेवर समितीचेच दोन दोन उमेदवार समोरासमोर उभे होते, ते काय आम्ही कॉलेजच्या कँटीनमध्ये ठरवलेलं नव्हतं. माझं ते पहिलं विधानसभेचं मतदान. बाबा एका गटाचे, काका दुसऱ्या गटाचे, दोघं आठ महिने एकमेकांशी बोलले नाहीत आणि मी दोघांच्या स्लिपा प्रिंट करून दिल्या. सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा दावा दाखल झाला 2004 ला, तेव्हा मी पहिलीत होते. आता माझ्या मैत्रिणीची पोरगी पहिलीत गेली. तारखेला पोरं जमत नाहीत म्हणता, पण तारखेला नक्की काय झालं ते समजावून सांगायला तुमच्यापैकी कोण कधी पोरांना घेऊन बसलंय? आणि राजहंसगडावर महाराजांचा पुतळा झाला तेव्हा 2023 च्या मार्चमध्ये चार दिवसांत दोनदा उद्घाटन झालं, एकदा एका पक्षाचं, एकदा दुसऱ्याचं. आम्ही पोरं दोन्ही वेळा गेलो, फोटो काढले, हसलो. हसलो म्हणून पण तुम्ही रागावला होता.

आम्ही काय धुतल्या तांदळाचे नाही. सायलेन्सर काढून रात्री बारा वाजता गाडी फिरवणारा आमच्याच वयाचा आहे, आणि मी स्वतः गेली तीन वर्षं 1 जूनला हिंडलग्याला गेलेली नाही, झोपून राहिले, कारण नव्हतं काही. बाबा एकटे गेले. ते मला आवडलं नाही पण गेले पण नाही. हे तुम्ही तोंडावर विचारलं असतं तर मान खाली घातली असती. पण तुम्ही ते विचारत नाही, तुम्ही सगळं एकदम गोळा करून 'आजकालची पोरं' म्हणता, मग ज्याची चूक आहे तो पण सुटतो आणि ज्याची नाही त्याला पण लागतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी खरं तर पत्र सुरू केलं. त्या रविवारच्या नोटीशीत मी तुम्हाला सगळं वाचून दाखवलं पण एक शब्द पटकन वाचून पुढे गेले, कुणाच्या लक्षात आलं नाही. नोटीस समाजमंदिराच्या थकलेल्या घरपट्टीची आहे. त्यात मिळकतीचं वर्णन आहे, देऊळ, सभामंडप, आणि पुढची खोली. खोलीच्या पुढे लिहिलंय वाचनालय. कन्नडमध्ये पण वाचनालयच म्हणतात.

मला आठवतं ते. लाकडी बाक होता लांब, पेपर वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यावर दगड ठेवायचे, आणि दिवाळी अंक फळीला सुतळीने बांधलेले असायचे, चोरी होऊ नये म्हणून. आजोबा मला तिथं बसवून भाजी आणायला जायचे. मी वाचायची नाही, चित्रं बघायची. 2010 च्या आसपास कधीतरी दुरुस्तीसाठी म्हणून बंद केलं. आज त्या खोलीत काय आहे? मी खिडकीच्या फटीतून मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं. मांडवाचे पत्रे, फ्लेक्सच्या लोखंडी चौकटी, नेत्यांचे जुने फ्लेक्स गुंडाळून ठेवलेले, तीन निवडणुकांचे तरी असतील. बाक आहे अजून, त्याच्यावर रंगाचे डबे. कपाट आहे, काच फुटलीय, आत पुस्तकं आहेत असं वाटतंय, उंदरांनी किती ठेवलीत देव जाणे.

पोरं वाचत नाहीत म्हणून सभामंडपात सॉक्रेटिस टांगलाय आणि त्याच भिंतीच्या पलीकडे हे.

गल्लीतल्या आम्ही सहा जणी आणि चार पोरं तयार आहोत. पत्रे बाहेर काढायला फौंड्रीवाला येतो म्हणाला, त्याची रविवारी सुट्टी. रंग मी दुकानातून घालते, पेपरचं बिल दोन महिने बाबा देतो म्हणाले (दोन महिनेच म्हणाले, त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे). तुमच्याकडून पैसे नकोत, भाषण पण नको. तात्या, तुम्ही संध्याकाळी तासभर येऊन बसला तर लहान पोरांना पेपर वाचायला शिकवता येईल, तुमच्यासारखा पेपर गल्लीत कोण वाचत नाही हे मी मनापासून म्हणते, चिडवत नाही.

किल्ली आण्णांकडे आहे असं मामा म्हणतात. आण्णा म्हणतात जुन्या सेक्रेटरीकडे होती, ते वारले. मिळत नसेल तर कुलूप तोडायची परवानगी लिहून द्या, अर्जाचा नमुना मी टाईप करून ठेवलाय, मराठीत.

नोटीशीचं उत्तर पण तयार आहे, कन्नडमध्ये, खाली मराठी भाषांतर जोडलंय म्हणजे कशावर सही करताय ते कळेल. मुदत पंधरा दिवसांची, त्यातले सहा गेले. दुकान सकाळी नऊला उघडतं. सही करायला याल तेव्हा किल्ली बघून या.

तुमची,
झेरॉक्सवाल्याची थोरली

ता. क. आण्णा, नोटीस वाचायचे पैसे घेतले नाहीत, पण गेल्या महिन्यातल्या आधारकार्डाच्या कलर प्रिंटचे 40 रुपये राहिलेत.